कातळाच्या पोटातले पाणी : दगडखाण आणि गावविहिरी यांचा इतिहास

देवळाचा जीर्णोद्धार काढला की पहिली चौकशी होते ती दगडाची. दगड कोणत्या खाणीचा आणावा, घडाई कोणाकडे द्यावी, खडी किती ब्रास लागेल, याचा हिशेब समितीच्या पहिल्याच बैठकीत मांडला जातो. त्याच देवळात रोज पहाटे लागते ते मात्र पाणी. देवाच्या स्नानाचा तांब्या, तुळशीची झारी, यात्रेकरूंची तहान आणि महाप्रसादाचा हंडा, सारे गावच्या विहिरीवर अवलंबून. दगड आणि पाणी या दोन्ही वस्तू गावाला बहुधा एकाच ठिकाणाहून मिळत आल्या आहेत, आणि ते ठिकाण म्हणजे गावामागचा डोंगर.

म्हणून अशा डोंगराला दगडखाण लागण्याचा प्रस्ताव येतो तेव्हा प्रश्न एकट्या दगडाचा राहत नाही. कोणी म्हणतो, रोजगार मिळेल, रस्ता होईल. कोणी म्हणतो, विहिरी आटतील. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात, परंतु दोघांच्याही हाती आकडा नसतो. आपल्या पूर्वजांनी दगड फोडला तो पाण्याकडे एक डोळा ठेवून. तो दुसरा डोळा मिटला गेला तो अलीकडच्या काळात. तेव्हा जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी दगड आणि पाणी यांच्या जुन्या नात्याचे थोडे स्मरण करणे अस्थानी होणार नाही.

खडकाची घडण

महाराष्ट्राचा बराच मोठा भाग ज्या काळ्या खडकावर उभा आहे तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहून आलेल्या तप्त लाव्ह्याचा बनलेला आहे. लाव्हा एकदाच आला नाही. एक थर निवाला की कालांतराने त्यावर दुसरा पसरला. म्हणून आपले डोंगर भाकऱ्यांच्या चवडीसारखे थराथरांचे दिसतात. प्रत्येक थराचा मधला व खालचा भाग घट्ट, काळा फत्तर असतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून तो सच्छिद्र झालेला असतो. पुष्कळदा त्या पोकळ्यांत पांढरी खनिजे भरलेली दिसतात. अशा खडकाला विहीर खोदणारे लोक मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे भाजलेल्या विटेसारख्या तांबड्या मातीचा पट्टा लागतो. सर्वांच्या वर मुरूम आणि त्यावर माती.

पावसाचे पाणी मुरते ते मातीतून मुरुमात, मुरुमातून खडकाच्या चिरांत. घट्ट फत्तर किंवा तांबडा पट्टा लागला की पाण्याला खाली जाण्यास वाट उरत नाही. ते आडवे चालू लागते आणि डोंगराच्या कुशीत जेथे तो थर उघडा पडतो तेथे झरा होऊन बाहेर येते. एकाच उंचीवर डोंगराभोवती तीन-चार झरे दिसतात त्याचे कारण हेच. त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी, भीमाशंकर, महाबळेश्वर या स्थळी नदीचा उगम आणि देवस्थान एकत्र आहे. गावोगावच्या लहान देवळांचीही हीच कथा. झरा पाहून मनुष्य थांबला, आणि तेथे त्याने हात जोडले.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. विहीर गावात असली तरी तिचे पाणी गावात तयार होत नाही. ते डोंगरावर मुरते, कित्येक महिने खडकातून चालते आणि मग विहिरीच्या झऱ्यातून उतरते.

पूर्वजांची रीत

दगड फोडणे या भूमीला नवे नाही. कान्हेरी, जुन्नर, नाशिक येथील लेणी सुमारे २,००० वर्षांपूर्वी कोरण्यास आरंभ झाला. त्या लेण्यांजवळ खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत आणि तेथील शिलालेखांत त्यांस ‘पोढी’ असा शब्द आहे. कोणा व्यापाऱ्याने, कोणा गृहस्थाने पोढी दान केली, असे त्या लेखांत कोरलेले आढळते. म्हणजे देवाधर्माच्या स्थानी पाण्याचे दान देण्याची परंपरा देवळाच्या कळसाच्या दानापेक्षाही जुनी आहे.

गडकोटांच्या काळात हीच रीत पुढे चालली. गडावर टाके खोदावयाचे, त्यातून निघालेला दगड तटाला लावावयाचा आणि झालेल्या खड्ड्यात पावसाचे पाणी साठवावयाचे. एका कष्टात दोन कामे होत.

या विषयातील सर्वांत बोलका पुरावा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. १७१५-१६ च्या सुमाराचा हा ग्रंथ. गड बांधण्यापूर्वी तेथे पाणी पाहावे, नसल्यास आधी खडक फोडून तळी-टाकी करावीत, असे अमात्य सांगतात. पुढे ते आणखी सांगतात की, गडावर झरा असला तरी तेवढ्यावर विसंबून राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात. दणक्याने झऱ्याची वाट बदलते, हे सुमारे तीनशे वर्षांपूर्वी राज्यकारभार पाहणाऱ्या पुरुषाने लिहून ठेवले. आज सुरुंगाच्या बाबतीत जो प्रश्न विचारला जातो तो याहून निराळा नाही.

गाळाचेही तसेच. नानासाहेब पेशव्यांच्या काळी, १७४९ च्या सुमारास, कात्रजहून पुण्यास पाणी आणण्याचे काम सुरू झाले तेव्हा तेथे एकाखाली एक असे दोन तलाव बांधण्यात आले. वरच्या तलावात गाळ बसावा आणि निवळलेले पाणी खालच्या तलावात उतरून मग नळात जावे, अशी ती योजना होती. गढूळ पाणी आधी थांबवावे, मग पुढे सोडावे, हा साधा नियम त्या कारागिरांनी दगडचुन्यात बांधून दाखविला.

घणापासून पोकलेनपर्यंत

जुनी दगडखाण हाताची होती. वडार बांधव घण, पहार आणि सुतकी घेऊन दगड काढीत, पाथरवट त्याला घडवीत. गाडी वडारांच्या बैलगाड्यांतून तो देवळापर्यंत येई. गावची देवळे, वेशी, घाट आणि विहिरींचे बांधकाम याच हातांनी झाले, आणि त्यांचे ऋण कोणत्याही जीर्णोद्धाराच्या वेळी मान्य केले पाहिजे. त्या खाणीला आपोआप एक मर्यादा होती. खड्ड्याला पाणी लागले की काम थांबे, कारण ते उपसण्यास मोटेवाचून साधन नव्हते. खाण तेथेच संपे आणि तिचे डबके होऊन गुरांना उपयोगी पडे.

इंग्रजी अमदानीत सुरुंगाच्या दारूने डोंगर फोडून रेल्वे घाट चढली. बोरघाटाचा मार्ग १८६३ साली खुला झाला. पुढे डायनामाइट आले, स्वातंत्र्यानंतर खडीचे क्रशर आले आणि त्यामागून दाबाच्या हवेवर चालणारी छिद्रयंत्रे, पोकलेन व डिझेलचे पंप आले. यांतील पंपाने केलेला बदल सर्वांत मोठा होता. पाणी लागले की थांबणारी खाण आता पाणी उपसून आणखी खाली जाऊ लागली. पूर्वी पाणी खाणीला आवर घालीत होते. आता खाणच पाण्याला ओढू लागली.

१९७२ चा धडा

महाराष्ट्राच्या स्मृतीत दगड आणि पाणी यांची सर्वांत कठोर गाठ पडली ती १९७२ च्या दुष्काळात. पाणी आटले, पीक बुडाले आणि लक्षावधी स्त्री-पुरुष दुष्काळी कामावर खडी फोडण्यास बसले. १९७३ च्या उन्हाळ्यात अशा कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. त्या पिढीतील वडीलधाऱ्यांना हातांवरचे ते फोड आजही आठवतात.

पुण्याचे अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे हे त्या काळी पुरंदर तालुक्यात फिरले. पाण्यावाचून हैराण झालेली माणसे दगड फोडीत बसली आहेत, हे पाहून ते अस्वस्थ झाले. १९७४ मध्ये नायगाव येथे त्यांनी देवस्थानाची सुमारे १६ हेक्टर (४० एकर) पडीक, उताराची जमीन कराराने घेतली. तेथे समपातळीचे बांध घातले, पायथ्याशी पाझर तलाव केला, त्याखाली विहीर खोदली. डोंगरावर पडलेले पाणी डोंगरातच मुरवावे आणि खाली विहिरीत घ्यावे, हा तो प्रयोग. त्यातून पाणी पंचायतीची चळवळ उभी राहिली. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर एवढ्याचेच पाणी, भूमिहीनांनाही वाटा आणि ऊस नाही, हे तिचे नियम महाराष्ट्रभर चर्चिले गेले. देवाच्या जमिनीवर पाण्याची शिकवण मिळाली, ही गोष्ट देवस्थानांच्या विश्वस्तांनी आणि देणगीदारांनी आवर्जून ध्यानात ठेवावी अशी आहे.

खाण पाणी कसे ओढते

आता हिशेबाकडे वळू. आपल्या काळ्या खडकात पाणी फार थोडे मावते. मुरलेल्या व भेगाळ खडकाच्या १०० भागांत उपसता येण्याजोगे पाणी सुमारे १ ते ३ भागच असते. मधला २ हा आकडा धरला तर १ चौरस मीटर जागेवर पाण्याची पातळी १ मीटर उतरणे म्हणजे अवघे २० लिटर पाणी जाणे. ऐकावयास हे थोडे वाटते. परंतु खाणीतून रोज उपसा होऊन आसपासच्या १० हेक्टरांत पातळी ३ मीटर उतरली, तर ६० लाख लिटर पाणी गेले. ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे २०१९ च्या जल जीवन मिशनचे माप आहे. त्या मापाने ६० लाख लिटर म्हणजे ३०० माणसांचे जवळजवळ वर्षाचे पाणी होय.

खडकात साठा थोडा असल्यामुळे पातळी लवकर उतरते आणि ती प्रथम उथळ विहिरींत दिसते. ज्याची विहीर चार परस, त्याचे पाणी आधी जाते. ज्याची बोअर तीनशे फूट, त्याला ते उशिरा कळते. म्हणजे पहिला घाव गरिबाच्या आडावर आणि गावच्या जुन्या सार्वजनिक विहिरीवर बसतो.

दुसरा परिणाम वरच्या पाण्याचा. १ हेक्टर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. २ हेक्टरांच्या खाणीत एका दिवशी ५० मिलिमीटर पाऊस झाला तर १० लाख लिटर पाणी दगडाच्या भुकटीसह खड्ड्यात जमते. ते तसेच ओढ्यात सोडले तर पीठासारखी भुकटी ओढ्याचा तळ लिंपून टाकते आणि जेथे पाणी मुरत होते तेथे मुरेनासे होते.

तिसरा परिणाम सुरुंगाचा. स्फोटाने कोठे जुनी चीर बुजते, कोठे नवी उघडते. कोणाची विहीर गढूळ होते, तर क्वचित कोणाच्या विहिरीला नवा झराही लागतो. शिवाय सुरुंगाच्या दारूत अमोनियम नायट्रेट असते. न जळलेला अंश पाण्यात विरघळून नायट्रेट वाढू शकते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम ठरलेली आहे.

चौथा परिणाम झऱ्यांचा. ज्या चिरांतून पाणी झऱ्याकडे चालत येते तो भागच काढून नेला तर झरा पुन्हा येत नाही. विहीर खोल करता येते, झरा खोल करता येत नाही.

मात्र प्रत्येक खाणीने गाव कोरडे पडते, असेही नाही. विहिरींच्या पाणपातळीपेक्षा वर राहणारी, गावाच्या झऱ्यांच्या क्षेत्राबाहेरची, मर्यादित खाण फारसे नुकसान न करता चालू शकते. देवळालाही दगड हवा आहे, घरालाही खडी हवी आहे. खाण कोठे आहे, किती खोल जाणार आणि पाण्याचे काय करणार, यावर सारे अवलंबून असते.

शेजारचे अनुभव

गोव्यात डिचोली तालुक्यात श्री लईराई देवीचे शिरगाव आहे. तेथील खाणी दगडाच्या नव्हेत, लोहखनिजाच्या. खडकही निराळा. तरी पाण्याचा नियम एकच. खाणींचे खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेले, पाण्याचा उपसा होत राहिला आणि गावच्या विहिरी आटल्याच्या तक्रारी उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. पुढे २०१२ साली गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी थांबल्या आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्खननावर मर्यादा घातली. ज्या देवीच्या जत्रेत धोंड व्रतस्थ राहून स्नान करून अग्निदिव्य करतात, त्या गावालाच पाण्याची चिंता करावी लागली. महाराष्ट्रातही २०२१ साली ब्रह्मगिरीच्या परिसरात झालेल्या उत्खननाविरुद्ध नाशिककरांनी आवाज उठविला, तो गोदावरीच्या उगमाच्या काळजीनेच.

उलट बाजूस अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार आहे. १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या दुष्काळी गावाने पाणी अडविले, शेतीसाठी बोअर न घेण्याचा नियम केला आणि पाऊस व विहिरी मोजून पिके ठरविण्याची रीत पाडली. पाण्याचा जमाखर्च ग्रामसभेपुढे मांडला जाऊ लागला. मोजलेल्या पाण्यावर तंटा होत नाही, हा त्या गावाचा मोठा धडा आहे.

कायद्याची वाट

बांधकामाचा दगड १९५७ च्या केंद्रीय कायद्याने गौण खनिजांत मोडतो आणि त्याचे नियम राज्य करते. महाराष्ट्राचे सध्याचे नियम २०१३ चे आहेत. पूर्वी ५ हेक्टरांहून लहान खाणींना पर्यावरण मंजुरी लागत नसे. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात लहान खाणींनाही ती आवश्यक ठरविली. अनुसूचित क्षेत्रांत १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. महाराष्ट्रात १९९३ साली पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचा कायदा झाला आणि सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यास आडकाठी आली. त्याची जागा घेणारा २००९ चा व्यापक कायदा २०१४ पासून अमलात आला. या कायद्यांचा रोख मुख्यतः विहिरींकडे व बोअरकडे आहे. परंतु पाण्याच्या दृष्टीने पाहिले तर उपसा चालू असलेली खोल खाण ही गावातली सर्वांत मोठी विहीरच होय.

प्रस्ताव येताच करावयाची कामे

पहिले काम मोजणीचे. पहिला सुरुंग उडण्यापूर्वी निदान एक पूर्ण वर्ष गावातील प्रत्येक विहीर, आड, बोअर व झरा यांची नोंद व्हावी. विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण करावी आणि तेथून पाण्यापर्यंत दोरीला वजन बांधून माप घ्यावे. झऱ्याखाली घागर धरून ती किती वेळात भरते ते लिहावे. १९७२ पासून काम करणारी राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चार वेळी मोजते. गावानेही तेच महिने धरावेत, म्हणजे दोन्ही आकडे ताडून पाहता येतील. ही वही नसेल तर पुढे विहीर आटल्यावर खाणवाला पावसाला दोष देतो, शेतकरी खाणीला, आणि निवाडा करणाऱ्यापुढे पुरावा कोणाचाच नसतो.

दुसरे काम पातळ्यांचे. खाणीचा अखेरचा तळ, विहिरींतील पावसाळ्यानंतरची पाणपातळी आणि झऱ्याचे तोंड, या तिन्हींची उंची एकाच नकाशावर मांडून घ्यावी. खाणीचा तळ पाणपातळीच्या वर राहील, ही अट सर्वांत मोलाची. खाण आणि गाव यांच्या मध्ये एक निरीक्षण विहीर ठेवून तिचे माप दरमहा दोन्ही पक्षांसमोर घ्यावे.

तिसरे काम पावसाच्या पाण्याचे. डोंगरावरून येणारे स्वच्छ पाणी खाणीभोवती चर काढून वळवावे आणि खाणीतले गढूळ पाणी निवळण टाक्यांतून गेल्यावरच ओढ्यात सोडावे. कात्रजच्या दोन तलावांचीच ही रीत.

चौथे काम लेखी हमीचे. पाणी कमी झाले तर कोणत्या मापाला खाण थांबेल, किती दिवसांत व कोणाच्या खर्चाने पाणी मिळेल, त्यासाठी किती रक्कम आधी ठेवली जाईल, हे परवानगीच्या कागदातच यावे. तोंडी शब्दाला पुढे कोणी विचारीत नाही.

पाचवे काम खाण संपल्यानंतरचे. उघड्या, खोल, भरलेल्या खाणींत मुले बुडाल्याच्या वार्ता वारंवार येतात. म्हणून पायऱ्यापायऱ्यांचे काठ, कुंपण आणि पाण्याची तपासणी करून त्या खड्ड्याचे तळे करण्याची जबाबदारी आरंभीच ठरवावी. मग गडावरच्या टाक्याप्रमाणे दगड गेला तरी पाणी राहील.

यांतील मोजणीच्या कामाला फार खर्च नाही. दोरी, वही, रंगाचा डबा आणि दोन शिकलेली मुले एवढे पुरते. ज्या दात्यांनी देवळाच्या दगडासाठी सढळ हाताने दिले, त्यांच्यापैकी कोणी विहिरींच्या मोजणीसाठी थोडी रक्कम नेमून दिली तर तीही जुन्या पोढीच्या दानासारखीच पुण्याची होईल. वही देवळातच ठेवावी, म्हणजे ती कोणा एका पक्षाची राहणार नाही आणि दर यात्रेला सर्वांसमोर वाचली जाईल. ग्रामदैवत सर्वांस सुबुद्धी देवो आणि गावच्या झऱ्यांचे पाणी अखंड वाहते ठेवो.